त्रास नाही

चष्मेवाला तसा बोलका माणूस. पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्याचं घोडं हमखास अडायचं. चपला घ्यायला गेला तर चार दुकानं पालथी घालून पहिल्या दुकानात परत यायचा, आणि तोवर पहिल्या दुकानातला जोड विकला गेलेला असायचा. बायको म्हणायची, "अहो, तुमचं लग्न ठरलं कसं, हेच मला कोडं आहे." तो म्हणायचा, "ते तुझ्या वडिलांनी ठरवलं, म्हणून ठरलं." एरवी हे हसण्यावारी जायचं. पण त्या आठवड्यात घरात कुणाला हसू येत नव्हतं. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत त्याला एका शाळेला हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि इथे चार दुकानं फिरून परत येण्याची सोय नव्हती.

मुलगी साडेआठ वर्षांची. नाव तिचं चांगलं तीन अक्षरी होतं, पण ते शाळेच्या कागदांवरच राहिलं. घरात ती मैना. दोन वर्षांची असताना समोरचा जे म्हणेल त्यातले शेवटचे दोन शब्द ती लगेच म्हणून दाखवायची, म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं आणि सगळ्यांना त्याचं भारी कौतुक वाटलं. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की हिला ऑटिझम आहे आणि शब्द परत म्हणणं हा त्यातलाच भाग आहे. त्या दिवसापासून आईला ते नाव नकोसं झालं. तिने आठवडाभर नेटाने खऱ्या नावाने हाका मारल्या. मैना ढिम्म. त्या नावाची दुसरीच कुणी मुलगी घरात राहायला आली असावी, अशा चेहऱ्याने ती इकडेतिकडे बघायची. शेवटी आईनेच हात टेकले.

मैनाची शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. वर्गात अडतीस मुलं, एक बाई, आणि सगळ्या वर्गांना मिळून एक मावशी. दार उघडणं, घंटा वाजवणं, पडलेल्या मुलाला मलम लावणं, सगळं मावशीकडे. मैनाची जागा शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला. रोज तिच्या दप्तरात एक छोटी वही यायची. तीत बाई दिवसाचा वृत्तांत एका ओळीत लिहायच्या आणि पालकाने खाली सही करायची. पहिल्या वर्षी त्या ओळी लांबलचक असायच्या: आज रडली, आज कान झाकून बाकाखाली बसली, आज शेजारच्या मुलाची पेन्सिल मोडली. दुसऱ्या वर्षापासून ओळ आखूड झाली. 'त्रास नाही.' उद्याही 'त्रास नाही.' परवाही तेच. चष्मेवाला संध्याकाळी दुकान बंद करून आला की आधी ती वही उघडायचा, ते दोन शब्द वाचायचा, आणि सही करताना त्याला दिवसभराचा शीण गेल्यासारखं वाटायचं.

नवी शाळा बायकोने शोधली. ती एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायची. सुई टोचायच्या आधी माणसाला बोलण्यात गुंतवायचं, ही तिची पद्धत. त्यामुळे अर्ध्या गावाची बित्तंबातमी तिच्याकडे. अशाच एका बाईने हात पुढे करता करता सांगितलं की माझा नातू असाच होता, अमुक शाळेत घातला आणि फरक पडला. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायचं. वर्गात नऊ मुलं आणि दोन शिक्षक. आठ महिने प्रतीक्षायादीत काढल्यावर एक जागा रिकामी झाली होती. नको असेल तर शुक्रवारी बारा वाजून एक मिनिटाला ती पुढच्या मुलाला जाणार होती.

आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं, "दाखला नेलात की ती जागा भरली जाईल. परत आलात तर मला नाही म्हणावं लागेल. राग मानू नका." म्हणजे परतीचं दार बंद. चष्मेवाल्याचं घोडं अडलं ते तिथपासून.

सोमवारी मैनाला नव्या शाळेत एका तासासाठी नेऊन पाहिलं. फाटकातून आत पाय टाकताच ती जी किंचाळायला लागली, ती चाळीस मिनिटं. चष्मेवाला काचेच्या दाराबाहेर खुर्चीवर बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होता, म्हणून त्याला नेमका आकडा माहीत. तिथले सर म्हणजे आडव्या अंगाचा, हळू चालणारा गृहस्थ. मैनाने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्यांनी नळाखाली हात धुतला, रुमाल गुंडाळला आणि कामाचा एखादा निरोप द्यावा तसं सांगितलं, "गुरुवारी परत आणा."

परतीच्या बसमध्ये मैना त्याच्या कुशीत झोपून गेली. हुंदके झोपेतही चालूच होते. त्याने तिथेच ठरवून टाकलं की नाही म्हणायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी झटक्यात ठरवलं होतं. घरी येऊन बघतो तर बायकोनेही ठरवलं होतं. हो म्हणायचं.

मंगळवारी संध्याकाळी बायको मैनाचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता तिने अगदी सहज, पण चष्मेवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "मैना, तुला कुठली शाळा आवडते? जुनी शाळा की नवी शाळा?"

"नवी शाळा," मैना म्हणाली.

बायकोचा हात थांबला. डोळे भरून आले. "ऐकलंत? तिने सांगितलं."

चष्मेवाला पेपर खाली ठेवून म्हणाला, "आता उलट विचार."

"कशाला?"

"विचार तर. बरं, मी विचारतो. मैना, नवी शाळा की जुनी शाळा?"

"जुनी शाळा," मैना म्हणाली, त्याच गोड आवाजात.

आठ वर्षं रात्रंदिवस जवळ असलेल्या आईला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. 'दूध की पाणी' विचारलं की मुलगी पाणी म्हणते आणि 'पाणी की दूध' विचारलं की दूध म्हणते, हे तिनेच सगळ्या नातेवाइकांना शंभरदा समजावलं होतं. पण जीव टांगणीला लागला की माणूस आपल्याला हवं ते ऐकतो. चष्मेवाल्याने ते तेवढ्यावर सोडून द्यायला हवं होतं. त्याला कुठली अक्कल!

"हे असं करून आपण तिचं आयुष्य ठरवणार?" तो म्हणाला.

"मग काय तुमच्या वहीवरून ठरवायचं? त्रास नाही, त्रास नाही! अहो, कुणाला त्रास नाही? त्यांना त्रास नाही. तुम्हालाही ती गप्प असली की पुरे."

"आणि तुला ती बरी व्हायला हवीय. ती आजारी नाहीये."

हे वाक्य तोंडातून सुटलं आणि ते परत घेता येणार नाही हे त्याला तत्क्षणी कळलं. बायकोने उरलेली वेणी घट्ट घातली, गाठ मारली, आणि मग रात्रीचं जेवण होईपर्यंत दोघं एकमेकांशी मैनामार्फत बोलत राहिले, जिचा अशा कामी काडीचाही उपयोग नव्हता.

बुधवारी सकाळी दुकानात एक म्हातारी आली. दुकान म्हणजे पुढे फ्रेमांचं कपाट, मागे पडद्याआड नंबर तपासायची खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता आणि कोपऱ्यात काचा घासायचं यंत्र. चष्मेवाल्याने म्हातारीच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकामागून एक काचा घालत रोजचा प्रश्न सुरू केला. "आजी, ही बरी की ही?"

"दुसरी."

"आणि आता? ही की ही?"

"दुसरी."

तेव्हा त्याने या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकलेली युक्ती केली. काच काढली आणि तीच परत घातली. "आता सांगा, ही बरी की ही?"

"ही दुसरी फारच छान आहे हो," आजी म्हणाल्या.

लोक असेच असतात. त्यांना वाटतं, समोरचा एवढी मेहनत घेतोय तर नंतर दाखवलेलं चांगलंच असणार. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल. चांगली शिकलीसवरलेली माणसंही यात फसतात. एरवी चष्मेवाला मनातल्या मनात हसला असता. आज त्याला हसू येईना. त्याने म्हातारीला तक्त्यावरची ओळ मोठ्याने वाचायला लावली, कुठे अडखळते ते पाहिलं आणि त्यावरून नंबर लिहिला.

तिच्यामागून एक बाई तीन वर्षांच्या पोराला घेऊन आली. एवढ्या लहान मुलाला काही विचारायचा प्रश्नच नसतो. दिवा मालवायचा, बारीक उजेड डोळ्यात टाकायचा, बुबुळात तो उजेड कसा सरकतो ते वाकून बघायचं. मूल बोलो न बोलो, डोळा सांगतो. चष्मेवाला वीस वर्षं हे करत होता. त्या पोराच्या डोळ्यात वाकून बघताना त्याच्या एकदम लक्षात आलं की आपण मैनाच्या शाळेबद्दल बाईंना विचारलं नाही, मैनाला विचारून उपयोग नाही, आणि वर्गात जाऊन तर आपण एकदाही बघितलेलं नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. पोराचा चष्मा लिहून दिल्यावर त्याने दारावर 'तासाभरात येतो' अशी पाटी लावली आणि कुलूप घातलं.

शाळेच्या दारात मावशी होती. "अगंबाई, बाबा? काय झालं?"

"काही नाही. पाण्याची बाटली घरी राहिली असं वाटलं." खोटं त्याला जमत नसे, हातात बाटलीही नव्हती.

मावशीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "या ना, बघा की तिला. कशी शहाण्यासारखी बसलीय."

वर्गाचं मागचं दार उघडं होतं. बाई फळ्यावर भागाकार शिकवत होत्या आणि अडतीसांतली सदतीस मुलं तो उतरवून घेत होती. मैना भिंतीकडेच्या बाकावर पाठमोरी, मान खाली घालून लिहीत होती. शांत. खांदेही सैल होते. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. आता जाऊन बायकोला सांगू, की ये आणि बघ म्हणावं. तो मागे वळणार तोच मावशी हळूच म्हणाली, "रोज अशीच लिहिते हो. एक चूक नाही. थांबा, दाखवते." आणि मैनाच्या पुढ्यातली वही उचलून तिने त्याच्या हातात दिली.

ती गणिताची छापील वही होती. पान अकरा. दहाच्या आतल्या बेरजा. दोन अधिक तीन, चार अधिक एक. प्रत्येक उत्तर सुबक अक्षरात आणि बरोबर. पण पान हाताला विचित्र लागलं. मऊ, जुन्या फडक्यासारखं. कागद करडा पडला होता, आणि सात अधिक दोनच्या उत्तराच्या जागी तो झिजून आरपार भोक पडलं होतं. मैनाने नऊचा आकडा त्या भोकाच्या बाजूला काढला होता.

"हे असं काय झालंय?"

"पुसून पुसून हो," मावशी कौतुकाने म्हणाली. "शाळा सुटली की मी खोडरबराने सगळं पुसून ठेवते. सकाळी तिला परत कोरं."

"रोज हेच पान?"

"हेच. तिला येतं ना हे."

"कधीपासून?"

मावशीने बोटं मोजली. "मागच्या वर्षीच्या सुट्टीनंतर... तेव्हापासून. बाराव्या पानावर ती फार रडली होती, बाबा. बाकाखाली जाऊन बसली. बाई म्हणाल्या, जाऊ दे, कशाला लेकराला त्रास द्यायचा. हे अकरावं आवडीने करते, तर हेच देऊया."

चष्मेवाल्याने पान उलटलं. बारावं पान छापखान्यातून आल्यासारखं स्वच्छ होतं. फक्त एका कोपऱ्याला मुठीत चुरगळल्याच्या घड्या होत्या, कुणीतरी हाताने सरळ केलेल्या.

त्याला ओरडायचं होतं. पण ओरडायचं कुणावर? मावशीवर? ती मैनाच्या डब्याचं झाकण काढून देणारी, सगळ्या वर्गाला खोडरबर मिळो न मिळो, मैनासाठी वेगळं पदराला बांधून ठेवणारी. बाई भागाकार अर्धा टाकून मागे आल्या. त्यांना एका नजरेत सगळं समजलं. त्या लाल झाल्या, पण मागे हटल्या नाहीत.

"अडतीस मुलं आहेत माझ्याकडे," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "ती रडायला लागली की वर्ग थांबतो. मी एकटी आहे. तुम्ही सांगा मी काय करायला हवं होतं."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं. तुम्ही विचारलं असतंत तर. पहिल्या वर्षी मी एवढं एवढं लिहायचे, तुम्ही काळजीत पडून रोज दारात यायचात. मग मी 'त्रास नाही' लिहायला लागले आणि तुम्ही यायचे बंद झालात. नुसती सही. मला वाटलं, तुम्हालाही हेच हवंय."

मैनाने मान वर करून वहीसाठी हात पुढे केला होता. त्याने वही तिच्या पुढ्यात ठेवली. पान अकरा उघडून.

दुपारभर दुकानात त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका फ्रेममध्ये त्याने उजवी काच डाव्या बाजूला बसवली आणि गिऱ्हाईक आरशात बघून घेरी येते म्हणाल्यावर कपाळावर हात मारला. संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा त्याने तिला जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याला वाटलं, आता ही म्हणणार, बघा, मी सांगत नव्हते? ती पायरीवर बसली. पर्स मांडीवर घेतली.

"मागे तुम्ही तापाने पडला होतात ना," ती म्हणाली, "तेव्हा आठवडाभर मीच सही केली होती."

मग तो निर्णय सोपा झाला असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी चष्मेवाल्याला ओळखलंच नाही. काळजी दुप्पट झाली. बाई दारापर्यंत येऊन म्हणाल्या होत्या, की उद्यापासून बारावं पान घेते, मावशीला शेजारी बसवते, मनापासून प्रयत्न करते. त्या खोटं बोलत नव्हत्या. मग ओळखीच्या भिंतीशी, ओळखीच्या मावशीजवळ बारावं पान उलटलं तर काय वाईट? का म्हणून तिला दोन बस बदलून किंचाळायला न्यायचं? आणि तिथेही जमलं नाही तर? जुनी जागा गेलेली, नवी नकोशी, आणि साडेआठ वर्षांची पोर घरात. तळ्यात की मळ्यात, तळ्यात की मळ्यात करत त्याने ती संध्याकाळ काढली. चहाचे तीन कप निवून गेले.

गुरुवारी नव्या शाळेत मैना पुन्हा किंचाळली. या वेळी बायकोही काचेबाहेर होती. तिने नवऱ्याचं मनगट असं धरलं होतं की त्याला वाटलं, ही आता शीर शोधतेय. पंचवीस मिनिटांनी आवाज ओसरला. सरांनी मैनापुढे एक चित्र ठेवलं आणि एक गणित ठेवलं.

"गणित की चित्र?"

"चित्र," मैना म्हणाली. सरांनी चित्र पुढे केलं. तिने ते ढकलून दिलं.

"चित्र की गणित?"

"गणित." तेही ढकलून दिलं.

बाहेर चष्मेवाला मनात म्हणाला, झालं, हेही तसलेच. पण सरांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. दोन्ही कागद तिच्यापुढे सारख्या अंतरावर ठेवले, हात मांडीवर घेतले आणि बसून राहिले. एक मिनिट गेलं. दोन गेली. एवढं गप्प बसणं चष्मेवाल्याच्या घरात कुणालाच जमलं नसतं. मधेच कुणीतरी म्हटलं असतं, सांग ना बाळा. मैना हलत होती, पुढे मागे, पुढे मागे. मग थांबली.

"नको," ती म्हणाली.

बायकोची बोटं आणखी आवळली. हा शब्द त्या खोलीत आधी कुणी उच्चारला नव्हता. तो कुणाच्या वाक्याचं शेपूट नव्हता. तो मैनाने आपल्या आपण आतून काढून आणला होता.

"बरं," सर म्हणाले, आणि दोन्ही कागद लगेच उचलून मागच्या फळीवर ठेवून दिले. मैना त्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली. मग तिने सरांकडे पाहिलं. रुमाल बांधलेल्या मनगटाकडे नाही, तोंडाकडे.

नंतर चष्मेवाल्याने सरांना व्हरांड्यात गाठलं. "इथे ती खूश राहील का?"

"पहिला महिना तर नक्कीच नाही."

"आणि पुढे?"

"माहीत नाही."

"म्हणजे हमी काहीच नाही."

"हमी कसली देऊ?" सर म्हणाले. "जमत नसेल तर जमत नाही म्हणून सांगेन. एवढं करेन."

चष्मेवाल्याला त्यांचा राग आला. माणसाने थोडं गोड बोलायला काय जातं? पण बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की गेल्या दोन वर्षांत मैनाच्या बाबतीत 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला.

शुक्रवारी त्याने सकाळी साडेदहाला फोन हातात घेतला. अकराला खाली ठेवला. सव्वाअकराला एक गिऱ्हाईक आलं, त्याला तर देवानेच पाठवलं असं वाटून त्याने त्याच्या चष्म्याचे सगळे स्क्रू आवळून दिले, न मागता. अकरा बावन्नला बायकोचा कामावरून फोन आला. "केलात?" "करतो." "अहो..." एवढंच म्हणून ती गप्प झाली. तिने पुढे काही रेटलं नाही, आणि त्या गप्प बसण्याने त्याला नुसत्या रेटण्याहून जास्त घाई झाली. अकरा सत्तावन्नला त्याने नंबर लावला. पलीकडे शाळेतली कारकून.

"हो," चष्मेवाला म्हणाला.

"हो म्हणजे? कोण बोलतंय?"

"हो म्हणजे... येते ती. आमची मुलगी. येते म्हणून लिहा." आणि मग घाम पुसत त्याने नाव सांगितलं, कागदावरचं, तीन अक्षरी.

दाखला आणायला तो एकटाच गेला. बाईंनी शुभेच्छा दिल्या, नीट, मनापासून. मावशी फाटकापर्यंत आली. तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, माझं काही चुकलं का हो?"

"नाही मावशी," तो म्हणाला. "माझं चुकलं." मावशीला ते पटलं नाही, पण तिने मान हलवली.

सोमवारी नव्या शाळेचा पहिला दिवस. बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून पहिली बस, दुसरी बस, सगळं त्याच्यावर. फाटक दिसताच मैनाने रस्त्यात बसकण मारली. सर बाहेर आले. त्यांनी पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घातला होता. दोघांनी मिळून तिला आत नेलं. दारात तिने बापाच्या शर्टाचा खिसा मुठीत धरला. तो सोडवताना चर्रकन उसवला. "आता तुम्ही जा," सर म्हणाले, आणि दार बंद झालं.

तो गेला नाही. फाटकाबाहेर, समोर एक टायरचं दुकान होतं, तिथल्या रचलेल्या टायरांशेजारी फाटक्या खिशाने उभा राहिला. आतून किंकाळ्या येत होत्या. टायरवाल्याने एकदा शाळेच्या भिंतीकडे, एकदा याच्याकडे पाहिलं आणि न बोलता एक स्टूल पुढे सरकवलं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. प्रत्येक किंकाळी त्याच्या काळजात घुसत होती. आपण काय करून बसलो? आताच्या आता आत घुसावं, तिला उचलावं, मुख्याध्यापकांचे पाय धरावेत. तो दोनदा उठला, दोनदा बसला.

आणि अचानक आवाज थांबला.

आठवड्यापूर्वी असतं तर त्याने सुटकेचा श्वास टाकला असता. आज त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. गप्प झाली. का गप्प झाली? कुणी गप्प केलं? पुढ्यात काय ठेवलं? तो रस्ता ओलांडून धावतच गेला आणि त्याने बेल दाबली, दाबूनच धरली. सरांनी दार उघडलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"ती गप्प का झाली?"

"पाणी पितेय."

तेवढ्यात आतून पेला आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नव्या दमाची किंकाळी.

"झालं पिऊन," सर म्हणाले. चष्मेवाला दाराच्या चौकटीला हात लावून धापा टाकत उभा होता. सरांनी त्याच्या उसवलेल्या खिशाकडे पाहिलं. "रोज अशी बेल वाजवून विचारणार आहात का?"

त्याला वाटलं, आता हे रागावणार. तरी तो म्हणाला, "हो."

"विचारा," सर म्हणाले. "सगळेच सुरुवातीला विचारतात. मग मूल रडायचं थांबतं आणि विचारायचे बंद होतात. तुम्ही तेव्हा विचारा."